निवडलेलं पान: दुसऱ्याचं लेखन जपून आपला वाचक कसा वाढतो

पत्रिकेवर आजच्या विषयाचं नाव ‘कंटेंट क्युरेशन आणि संकेतस्थळाचा वाचकवर्ग’ असं छापलं आहे. नाव जरा जड आहे, पण गोष्ट आपल्या घरातली आहे. ताटात तांदूळ घेऊन खडे वेचणं, सुपात घालून पाखडणं, आणि उरलेलं नीट डब्यात भरून त्यावर चिठ्ठी लावणं, एवढंच हे काम आहे. फरक इतकाच की तांदळाच्या जागी लेख, बातम्या, व्हिडिओ, जुनी पुस्तकं, सरकारी पत्रकं आहेत, आणि खडे पुष्कळ आहेत.

आज इथे बसलेल्यांपैकी अनेकांचं स्वतःचं संकेतस्थळ आहे, किंवा काढायचा विचार आहे. कोणी गावाच्या इतिहासावर, कोणी शेतीवर, कोणी स्पर्धा परीक्षांवर लिहितं. सगळ्यांची तक्रार एकच असते: रोज नवीन लिहिणार कुठून, आणि लिहिलं तरी वाचायला येणार कोण? या दोन्ही प्रश्नांचं एक उत्तर निवडीत आहे. ते कसं, आणि त्यात चोरी कुठे सुरू होते, हे आज पाहू.

क्युरेटर म्हणजे जपणारा

आधी शब्द समजून घेऊ. क्युरेटर हा शब्द आपण संग्रहालयात ऐकतो. आपल्या सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ मध्ये सुरू झालं. तिथे क्युरेटर काय करतो? त्याने त्या मूर्ती घडवलेल्या नसतात, ती नाणी पाडलेली नसतात. पण कोणती वस्तू बाहेर ठेवायची, कोणती कोठारात, कशाशेजारी काय मांडायचं, आणि खालच्या पाटीवर काय लिहायचं, हे तो ठरवतो. लॅटिनमधल्या ज्या मूळ शब्दापासून हे नाव आलं, त्याचा अर्थ काळजी घेणे असा आहे. म्हणजे निवड, मांडणी आणि सांभाळ, ही तिन्ही कामं यात येतात.

आता बघा, पाटी काढून टाकली तर काय होईल? मूर्ती तीच राहील, पण पाहणाऱ्याला ती कुठे सापडली, कोणत्या काळातली, हे कळणार नाही. आणि मूर्ती उचलून कोणी ‘ही मीच घडवली’ म्हणून घरी ठेवली, तर त्याला आपण क्युरेटर म्हणत नाही. त्याला वेगळा शब्द आहे.

ही परंपरा आपलीच आहे

हे काम इंटरनेटबरोबर आलं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. महाराष्ट्री प्राकृतातली ‘गाथासप्तशती’ घ्या. सातवाहन राजा हाल याच्या नावावर ती आहे, पण तो तिचा एकटा कवी नाही. एक कोटी गाथांमधून सातशे निवडल्या, असं त्या ग्रंथातच म्हटलं आहे. कोटीचा आकडा कवीच्या पद्धतीने घ्यायचा, पण त्यातली जाण खरी आहे. टाकून दिलेल्या गाथा आज कोणाला ठाऊक नाहीत आणि निवडलेल्या टिकल्या.

त्याहून जवळचं उदाहरण आपल्या विदर्भातलं आहे. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडून आठवणी घ्यायच्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायच्या. ही झाली गोळा करण्याची आणि पडताळण्याची पायरी. मग केसोबासांनी त्या मोठ्या साठ्यातून स्वामींची वचनं वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ केला, आणि दृष्टांत निवडून ‘दृष्टांतपाठ’ केला. त्यात ११४ दृष्टांत आहेत.

‘दृष्टांतपाठा’ची मांडणी मला फार महत्त्वाची वाटते. आधी सूत्र येतं, म्हणजे स्वामींचं वचन. मग दृष्टांत, म्हणजे स्वामींनी सांगितलेली गोष्ट. आणि मग दार्ष्टांतिक, म्हणजे त्या गोष्टीचा अर्थ काय लावायचा, हे केसोबासांचं स्वतःचं. दुसऱ्याचं कोणतं आणि आपलं कोणतं, यात सरमिसळ नाही. वाचणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी कळतं की आता कोण बोलतं आहे. सातशे वर्षांनंतर आपण संकेतस्थळावर हेच करायचं आहे. मूळ लेखकाचं वाक्य त्याच्या नावाने, त्यातली गोष्ट थोडक्यात, आणि मग ‘हे तुमच्यासाठी का महत्त्वाचं’ हे आपल्या शब्दांत. या तीन भागांतला तिसरा भाग ज्याच्याकडे नाही, त्याचं पान नुसती यादी असते. आणि पहिल्या भागातलं नाव ज्याने गाळलं, त्याचं पान चोरी असते.

पुढे छापखाना आला. परशुरामपंत तात्या गोडबोल्यांनी १८५४ मध्ये ‘नवनीत’ हा जुन्या मराठी कवितेच्या वेच्यांचा संग्रह काढला. पोथ्यांमध्ये विखुरलेली कविता शाळेतल्या मुलापर्यंत पोचली ती या निवडीमुळे. अमेरिकेत १९२२ मध्ये डेविट आणि लीला वॉलेस या दांपत्याने ‘रीडर्स डायजेस्ट’ सुरू केलं. इतर मासिकांतले लेख निवडून, आटोपशीर करून द्यायचे, एवढीच कल्पना. आपल्याकडे नाशिकच्या ‘अमृत’ने मराठी वाचकाला तीच सवय लावली. घराघरात ‘अमृत’चे जुने अंक बांधून ठेवलेले असत, आठवतं ना?

पाठवून देणारं पान लोक का उघडतात?

इथे एक शंका नेहमी येते. आपल्या संकेतस्थळावर आलेल्या माणसाला आपणच दुसऱ्याचा दुवा दिला, तर तो निघून जाईल. मग आपला वाचक वाढणार कसा?

शंका योग्य आहे. तिचं उत्तर एका न्यूझीलंडच्या प्राध्यापकाने देऊन ठेवलं आहे. डेनिस डटन हे ख्राइस्टचर्चला तत्त्वज्ञान शिकवत. १९९८ मध्ये त्यांनी ‘आर्ट्स अँड लेटर्स डेली’ नावाचं पान सुरू केलं. पानावर तीन रकाने: लेख, नवी पुस्तकं, निबंध. प्रत्येक नोंद दोन-तीन वाक्यांची, आणि खाली मूळ लेखाचा दुवा. या पानावर वाचायला जवळजवळ काहीच नव्हतं, सगळं बाहेर होतं. तरी जगभरचे वाचक सकाळी आधी तेच पान उघडत, कारण तिथून जिथे जाऊ ते वाचण्याजोगं असणार, अशी खात्री होती. २००२ मध्ये उच्च शिक्षणावरच्या एका मोठ्या अमेरिकी वृत्तपत्राने ते विकत घेतलं.

आणखी एक उदाहरण. मारिया पोपोवा या बल्गेरियातून अमेरिकेत आलेल्या मुलीने २००६ मध्ये आपल्या सात सहकाऱ्यांना आठवड्याला एक ईमेल पाठवायला सुरुवात केली. वाचलेल्यातल्या काही निवडक गोष्टी, बस. त्यातून ‘ब्रेन पिकिंग्ज’ हे संकेतस्थळ झालं, ज्याचं नाव आता ‘द मार्जिनेलियन’ आहे, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते आपल्या कायमच्या संग्रहात घेतलं. सुरुवात सात माणसांपासून झाली, हे लक्षात ठेवा.

मराठीत ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ अलका विभास यांनी दोन दशकांहून जास्त काळ चालवलं आहे. त्यातलं एकही गाणं त्यांनी लिहिलेलं नाही. पण गाण्याचे शब्द तपासून दिलेले, सोबत गीतकार, संगीतकार, गायक, चित्रपट किंवा नाटक, शक्य तिथे राग, आणि अवघड शब्दांचे अर्थ. गाणं गीतकारावरून शोधा, रागावरून शोधा, गीतप्रकारावरून शोधा. एखादी ओळ अर्धवट आठवते आणि माणूस तिथे पोचतो. या संकेतस्थळाचं मोल गाण्यांच्या संख्येत जेवढं आहे, त्याहून जास्त त्या सूचींमध्ये आहे. आणि ‘पुनश्च’ने जुन्या मराठी नियतकालिकांतले मोजके लेख निवडून डिजिटल वाचकांपुढे ठेवले, तेही वर्गणी घेऊन. जुन्या मजकुरासाठी मराठी माणूस पैसे मोजेल का, असं लोक विचारत होते. नीट निवडून दिलं तर मोजतो.

म्हणजे वाचक परत येतो तो मजकुरासाठी नाही, मजकूर सगळीकडे आहे. तो येतो वेळ वाचतो म्हणून, आणि कोणीतरी आपल्यासाठी वाचून ठेवलं आहे या भरवशावर.

एक संत्र्याचं पान

आता हवेत बोलणं पुरे. एक उदाहरण घेऊन पायरी-पायरीने जाऊ. समजा, आपल्याला संत्रा बागायतदारांसाठी एक संकेतस्थळ चालवायचं आहे. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी हा आपला वाचक.

या वाचकाची अडचण काय? माहिती कमी नाही, उलट जास्त आहे. नागपुरातच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे. कळमन्याच्या बाजाराचे भाव आहेत. शिवाय वर्तमानपत्रं, यूट्यूबवरचे शेतकरी, आणि सगळ्यात वर व्हॉट्सॲपवर आलेले संदेश. फळगळ सुरू झाली की एका दिवसात दहा जण दहा औषधं सांगतात. कोणाचं प्रमाण लिटरला, कोणाचं पंपाला, आणि कोणतं कधीचं, कोणत्या भागातलं, काही पत्ता नाही. चुकीचं प्रमाण फवारलं तर नुकसान एका हंगामाचं होतं, झाड गेलं तर कित्येक वर्षांचं. इथे निवडीला खरी किंमत आहे. ही हौसेची गोष्ट राहत नाही.

पहिली पायरी, विषय अरुंद करा. ‘शेती’ हा विषय नाही. ‘फळबाग’ हाही मोठा आहे. ‘नागपुरी संत्रा, आंबिया आणि मृग बहार’ हा विषय झाला. विषय अरुंद झाला की काय टाकायचं ते पटकन कळतं. द्राक्षावरचा उत्तम लेखसुद्धा आपल्या पानावर येणार नाही.

दुसरी पायरी, स्रोतांची यादी. वीस-तीस ठिकाणं लिहून काढा आणि प्रत्येकापुढे लिहा की हे कशासाठी भरवशाचं. संशोधन संस्था रोगासाठी, बाजार समिती भावासाठी, अनुभवी बागायतदार मजुरी आणि पाण्याच्या हिशोबासाठी. सगळे स्रोत सगळ्यासाठी चालत नाहीत. जिथे आरएसएस फीड मिळते तिथे ती जोडून ठेवा म्हणजे रोज दारोदार फिरावं लागत नाही; जिथे नाही तिथे आठवड्यातून एक वार ठरवा.

तिसरी पायरी, नाकारणं. आठवड्याला तीस गोष्टी वाचा आणि पाच ठेवा. पंचवीस टाकताना हात जड होतो, पण वाचक त्याच पंचवीसपासून सुटका मिळवायला तुमच्याकडे येतो. ठेवण्याआधी तीन प्रश्न विचारा: हे कोणी सांगितलं? कधी सांगितलं? मूळ जागी जाऊन मी स्वतः पाहिलं का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ती गोष्ट कितीही चांगली वाटली तरी थांबवा.

चौथी पायरी, दार्ष्टांतिक. प्रत्येक नोंदीला साठ ते शंभर शब्द आपले. समजा, डिंक्या रोगावर संस्थेचं पत्रक आलं. आपण ते उतरवून काढायचं नाही. आपण लिहायचं: ‘पाऊस लांबला आहे, बुंध्याशी पाणी साचतं अशा भारी जमिनीतल्या बागांनी हे आधी वाचा, बोर्डो पेस्ट कशी आणि कुठवर लावायची ते पत्रकाच्या दुसऱ्या भागात आहे, पत्रक अमुक महिन्याचं आहे.’ मग दुवा. औषधाचं प्रमाण आपल्या शब्दांत सांगण्याच्या भानगडीत पडायचं नाही, त्यासाठी मूळ पत्रकावरच पाठवायचं. इथे दुसऱ्याकडे पाठवणं हाच प्रामाणिकपणा आहे.

पाचवी पायरी, वार ठरवा. दर शुक्रवारी सकाळी, म्हणजे शुक्रवारी सकाळीच. बाजाराचा दिवस जसा सगळ्यांना पाठ असतो, तसं. वेळेचा हिशोब सांगतो. तीस गोष्टी चाळायला प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे दोन तास. पाच नोंदी लिहायला प्रत्येकी वीस मिनिटं, म्हणजे आणखी पावणेदोन तासांच्या आत. आठवड्याला चार तास झाले. नोकरी सांभाळून होतं.

सहावी पायरी, आणि ही बहुतेक जण विसरतात: कायमची पानं बांधा. शुक्रवारचं पान पुढच्या शुक्रवारी शिळं होतं. पण वर्षभराच्या नोंदींमधून ‘मृग बहार: ताण देण्यापासून तोडणीपर्यंत’ असं एक पान तयार करता येतं, ज्यात प्रत्येक टप्प्याला सगळ्यात भरवशाचा एकच दुवा आहे. हे पान दर हंगामात तपासायचं, मोडलेले दुवे बदलायचे, वर तपासल्याची तारीख टाकायची. सांभाळ म्हणतो तो हाच.

वाचक नेमका कुठून येतो?

आता वाढीचं गणित. निवडीच्या पानाला वाचक चार वाटांनी मिळतो.

पहिली वाट सवयीची. वार ठरला की माणूस आठवण न करता येतो. यासाठी ईमेलची यादी हवी. व्हॉट्सॲप चॅनेल किंवा फेसबुक पान जरूर चालवा, पण ती जागा भाड्याची आहे, नियम मालक बदलतो. गुगल रीडरवर लाखो लोक अवलंबून होते, १ जुलै २०१३ ला ते बंद झालं. ईमेल पत्त्यांची यादी तुमच्याजवळ राहते. मात्र ती माणसाने स्वतःहून दिलेली असावी, कुठून उचललेली नसावी.

दुसरी वाट मूळ लेखकाची. ज्याचा लेख निवडला त्याला दोन ओळी कळवा: ‘तुमचा हा लेख आमच्या वाचकांना सुचवला आहे.’ मागणं काही नाही. मराठीत लिहिणाऱ्याला कोणी वाचलं, हे कळणंच दुर्मीळ आहे. तो आपल्या मंडळींना सांगतो आणि त्याचे काही वाचक तुमचे होतात. नाव गाळणाऱ्याला ही वाट कायमची बंद असते, म्हणून श्रेय देणं नीतीचं आहे तसंच फायद्याचंही आहे.

तिसरी वाट शोधयंत्राची. इथे मराठीची एक खास परिस्थिती समजून घ्या. युनिकोड येण्याआधीचा आपला पुष्कळ मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांमध्ये अडकला आहे, किंवा पुस्तकाची पानं चित्रं म्हणून स्कॅन केलेली आहेत. माणसाला ती वाचता येतात, पण शोधयंत्राला त्यातली अक्षरं नीट कळतीलच असं नाही. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं, गॅझेटियर, असा खजिना उघडा असूनही शोधणाऱ्याला तो पुष्कळदा सापडत नाही. तुम्ही युनिकोडमध्ये ‘या पुस्तकात अमुक पानावर ही माहिती आहे’ एवढं लिहिलंत, तरी त्या विषयावर मराठीत तुमचं पान वर येण्याची शक्यता पुष्कळ. इंग्रजीत जिथे हजार पानांची स्पर्धा आहे, तिथे आपल्याकडे कधी कधी दोनही नसतात. शिवाय आपली माणसं ‘संत्रा’ हा शब्द रोमन अक्षरांतही टाइप करतात, म्हणून पानाच्या पत्त्यात रोमन स्पेलिंग ठेवावं.

पण उचललेल्या मजकुराला शोधयंत्रात जागा नाही. २०११ मध्ये गुगलने ‘पांडा’ नावाचा बदल केला, तो इकडून तिकडून भरताड गोळा करणाऱ्या संकेतस्थळांना मागे ढकलण्यासाठीच. दुसऱ्याचा लेख जसाच्या तसा चिकटवला तर तुमचं पान मागे जातं आणि मूळ लेखकाचंही नुकसान होऊ शकतं. तुमचे ते शंभर शब्द तिथेही तुम्हाला तारतात.

चौथी वाट पुढे पाठवण्याची. माणूस पूर्ण संकेतस्थळ पुढे पाठवत नाही, एक नोंद पाठवतो. म्हणून प्रत्येक नोंद सुटी वाचली तरी समजली पाहिजे, आणि तिच्यात लेखकाचं नाव मजकुराच्या आतच हवं. खाली स्वतंत्र लिहिलेलं नाव पहिल्याच फॉरवर्डमध्ये गळून पडतं.

आणि मोजायचं काय? एकूण किती जण आले हे बघू नका, परत किती आले ते बघा. एखादं पान एका दिवसात दहा हजारांनी पाहिलं आणि त्यातले पन्नास परत आले. दुसऱ्या पानावर दोनशेच आले, पण एकशेवीस दर शुक्रवारी येतात. वर्षाच्या शेवटी पहिल्याजवळ पन्नास वाचक आहेत, दुसऱ्याजवळ एकशेवीस.

कायद्याची रेघ

आता थोडं कडू बोलतो. मराठी इंटरनेटवर श्रेय गाळण्याची सवय फार जुनी आहे. कोणीतरी लिहिलेली मजेदार गोष्ट पु. ल. देशपांड्यांच्या नावाने फिरते, नातेसंबंधांवरचं कोणतंही वाक्य व. पु. काळ्यांच्या नावावर खपतं, आणि खऱ्या लेखकाची कविता ‘कवी अज्ञात’ म्हणून येते. पहिल्यात ज्याने लिहिलं त्याचं नाव जातं आणि ज्याने लिहिलं नाही त्याला ते चिकटतं. निवड करणाऱ्याने इथे थांबून शोध घेतला पाहिजे. लेखक सापडला नाही तर तो मजकूर सोडून द्यावा.

कायदा काय म्हणतो? भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून खुलं झालं. आपल्या नागपूरचे सुरेश भट २००३ मध्ये गेले, म्हणजे हक्क २०६३ अखेरपर्यंत. ग्रेस २०१२ मध्ये गेले, तर २०७२ अखेर. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले. संतसाहित्य म्हणजे सगळ्यांचं, असं आपण धरून चालतो आणि भक्तिभावाने ते खरंही आहे, पण कायद्याचं कॅलेंडर तिथे २०२८ अखेर दाखवतं.

‘चार ओळींपर्यंत चालतं’, ‘दहा टक्के चालतं’ असे आकडे तुम्ही ऐकले असतील. आपल्या कायद्यात असा आकडा नाही. समीक्षा, परीक्षण किंवा चालू घडामोडी सांगताना, श्रेय देऊन, गरजेपुरतं उद्धृत करण्याला सूट आहे. गरजेपुरतं म्हणजे तुमचा मुद्दा कळण्याइतकं. पूर्ण गझल देऊन खाली ‘अप्रतिम’ लिहिणं हे परीक्षण नव्हे. आणि दुव्याला कोणाची हरकत सहसा नसते, म्हणून शंका आली की दुवा द्या.

विकिपीडियाचा मजकूर वापरता येतो, पण त्याच्या परवान्याच्या अटी पाळून: श्रेय द्यायचं, आणि त्यावर आधारलेला आपला मजकूरही त्याच अटींवर खुला ठेवायचा. छायाचित्रांचं वेगळं पाहावं लागतं. गुगलवर दिसलं म्हणजे फुकट, असं नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: आता यंत्रच सारांश करून देतं. मग माणसाने निवडायचं कशाला?

उत्तर: चांगला प्रश्न आहे. २०२४ पासून गुगल आपल्याकडेही काही शोधांवर तयार सारांश वर दाखवतं, आणि त्यामुळे ‘अमुक म्हणजे काय’ छापाच्या पानांचे वाचक कमी होऊ शकतात. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं वेगळं, आणि जो प्रश्न वाचकाला सुचलाच नाही तो त्याच्यापुढे ठेवणं वेगळं. वरुडच्या बागायतदाराला माहीत नाही की काल त्याच्या कामाचं पत्रक आलं आहे, मग तो शोधणार काय? शिवाय चूक झाली तर जबाबदार कोण, हे माणसाच्या पानावर लिहिलेलं असतं. यंत्राचा सारांश तुम्हीही वापरा, चाळणीसाठी. पण मूळ मजकूर न वाचता त्याच्यावर शंभर शब्द लिहू नका.

प्रश्न: फक्त निवडच करायची का? स्वतःचं लेखन कधी?

उत्तर: निवड करता करता विषयातली रिकामी जागा दिसते. पन्नास आठवडे संत्र्यावरचं वाचलं की लक्षात येतं, अमुक गोष्टीवर कोणीच लिहिलेलं नाही. तिथे स्वतः लिहा. तोवर वाचकही जमलेला असतो, आणि त्याला ठाऊक असतं की हा माणूस उगाच लिहीत नाही.

प्रश्न: माझे वाचक तीस आहेत, सहा महिन्यांपासून तीसच. बंद करावं का?

उत्तर: त्या तिसांना विचारा की मागच्या महिन्यातली कोणती नोंद कामाला आली. तिघांनीही नेमकी नोंद सांगितली तर पान चालू ठेवा आणि तशाच नोंदी वाढवा. कोणालाच सांगता आली नाही, तर विषय अजून रुंद आहे, तो कापा. आणि एक काम लगेच करता येईल: या शुक्रवारी ज्या पाच जणांचं लेखन निवडाल, त्या पाचही जणांना कळवा. त्यातल्या एकाने जरी आपल्या दोन माणसांना सांगितलं, तरी तुमची संख्या हलेल.